हरताच न येणारा खेळ



देवळाली प्रवरातल्या एका वस्तीत संध्याकाळी विहारात मुलांची अभ्यासिका चालते. सात वाजले की दप्तरं येतात, आणि दप्तराआधी कुणाच्या तरी बापाचा नाहीतर थोरल्या बहिणीचा मोबाइल येतो. मागच्या महिन्यात सहावीतला एक मुलगा मोबाइल घेऊन आमच्या शेजारी येऊन टेकला आणि म्हणाला, "दादा, बघा किती लाख झाले. मी हरतच नाही."

खेळ ओळखीचा होता. जत्रेत मिळणाऱ्या, सेलवर चालणाऱ्या ब्रिक गेमवर आमच्या पिढीने तो खेळलेला आहे. वरून ठोकळे पडतात, ते फिरवून बसवायचे, आडवी रांग भरली की पुसली जाते, ढीग वरपर्यंत पोचला की खेळ खलास. टेट्रिस हे त्याचं मूळ नाव. अलेक्सी पाजितनोव्ह नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९८४ मध्ये मॉस्कोत तो बनवला. (खेळ जगभर विकला गेला, हक्क मात्र सोव्हिएत सरकारकडे. बनवणाऱ्याला मोबदला मिळू लागला तो १९९६ पासून. श्रम कुणाचे आणि कमाई कुणाची, हा आपला जुना प्रश्न तिथेही सुटलेला नव्हता.)

या मुलाच्या मोबाइलवर होता तो त्याचा सोपा केलेला अवतार. मूळ खेळात चार-चार घरांचे सात आकार असतात. इथे एकच चौकोन पडतो. चौकोनाला फिरवायचं काय? कुठेही टाका, बसतोच. तरीही ढीग वर पोचलाच, तर खेळ स्वतःहून खालच्या चार-पाच रांगा पुसतो, चांदण्या उडतात, शाब्बास म्हणतो आणि मग एक जाहिरात दाखवतो. हरलेलं पोर मोबाइल बाजूला ठेवतं, न हरणारं पोर पुढची जाहिरात बघतं. खेळ फुकट का मिळतो, ते इथे कळतं.

आम्ही त्याला सात आकारांचा खरा खेळ लावून दिला. तीन मिनिटांत ढीग वर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने मोबाइल उलटा ठेवला आणि "हा गेमच खराब आहे" म्हणून मोकळा झाला.

इथवर ही पोराटोरांची गोष्ट. पण त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्यापुढे तिसरीचा एक उतारा ठेवला. पहिली ओळ त्याने अंदाजाने म्हटली, दुसऱ्या ओळीतल्या जोडाक्षरावर अडला, तिसऱ्या ओळीला त्याला तहान लागली. त्याचं प्रगतिपुस्तक मागवलं. मराठीत ब-१ श्रेणी. वर्णनात्मक नोंद: 'वाचनाची आवड आहे.' अशा नोंदींच्या तयार पुस्तिका बाजारात मिळतात, त्यातून उतरवलेली. पोरगा शाळेतही हरलेला नाही. सहा वर्षं रांगा पुसल्या जात आहेत, चांदण्या उडत आहेत.

आता आमचे काही मित्र लगेच म्हणतील, बघा, ढकलपासमुळे वाटोळं झालं, नापास करणं परत आणा. चळवळीतले कार्यकर्तेही हे बोलतात, आणि त्यांच्याशीच आम्हाला वाद घालायचा आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १६ ने आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही असं ठरलं. २०१९ मध्ये हे कलम बदललं. पाचवी आणि आठवीला परीक्षा, नापास झाला तर निकालानंतर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात ठेवायचं की नाही हे सरकारने ठरवायचं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलून ठेवायचं ठरवलं. केंद्राने आपल्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये तेच केलं. म्हणजे मित्रहो, तुमची मागणी मान्य झालेली आहे. तरी जोडाक्षर अडलेलंच आहे.

कारण त्या खेळातच बघा. खरा खेळ ज्याने खेळलाय त्याला ठाऊक असतं की माणूस शेवटच्या ठोकळ्याने हरत नाही. खूप आधी खाली कुठेतरी एक घर रिकामं राहिलेलं असतं. त्यावर दुसरा ठोकळा बसतो, मग त्यावर आणखी रांगा चढतात. ती रिकामी जागा झाकली जाते, पण रांग काही पुसली जात नाही. या मुलाचं रिकामं घर दुसरीतलं आहे. त्या वर्षी त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले, दिवाळीनंतर तो कोपीवर होता आणि परत आला तेव्हा वर्ग जोडाक्षरांच्या पुढे गेलेला. त्याला पाचवीत नापास केलं असतं तर पाचवीचंच पुस्तक पुन्हा मिळालं असतं. दुसरीतलं घर कोण भरणार होतं?

ढकलपास ते घर झाकतो. नापास करणारा त्याच घरावर बोट न ठेवता पोराला पटाबाहेर काढतो. आपल्या वस्तीत एकदा बाहेर पडलेला पोरगा वीटभट्टीवर नाहीतर गॅरेजात दिसतो, आणि मुलीचं काय होतं ते सांगायला नको. तिच्या लग्नाची बोलणी फेरपरीक्षेपर्यंत थांबत नाहीत.

बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ ला मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या खर्चावर भाषण केलं. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा आठवडा उरला होता, तरी ते आकडे घेऊन उभे राहिले. शाळेत गेलेल्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरांत जमा होतात, हा त्यांचा मुद्दा होता. शाळेवर होणारा खर्च मुलाला किमान टिकाऊ साक्षरतेपर्यंत नेत नसेल तर तो वाया जातो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ८२ शाळेबाहेर पडून निरक्षर होत. आज आपली काही मुलं शाळेत बसून, गणवेशात, पोषण आहार खाऊन, श्रेणी घेऊन तिथेच पोचतात. हजेरीपटावर मात्र सगळं भरलेलं दिसतं.

न हरण्याची सोय आपल्याला नवी नाही. देवळालीपासून जवळच, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध परिषद घेतली. महारकीचं वतन म्हणजे काय होतं? हक्काची जमीन, हक्काचं बलुतं, उपाशी मरणार नाही याची हमी. आपल्याच लोकांपैकी काहींना ते सोडवत नव्हतं. आणि त्याच हमीने माणूस पिढ्यान्‌पिढ्या गावच्या वेठीला बांधला होता. हरू न देणारी वस्तू कुणाच्या फायद्याची आहे, हे बाबासाहेब आधी विचारायचे.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. त्या मुलाची चार वर्षांची बहीण तोच सोपा खेळ खेळते. तिला डावं-उजवं त्यातून कळलं, बोटाने ठोकळा सरकवायला ती शिकली, घाबरली नाही. तिच्यासाठी तो खेळ उत्तम आहे. पहिली-दुसरीच्या पोराला नापास न करणं यात काहीही चूक नाही, उलट तेच शास्त्र आहे. चूक आहे ती सहावीतल्या भावालाही तोच खेळ लावून देण्यात.

आणि हो, आरक्षणाला 'हरताच न येणारा खेळ' म्हणणारे आम्हाला भेटत असतात. आरक्षणाने प्रवेश मिळतो, पेपर सगळ्यांना एकच असतो, तपासणाऱ्याला जात दिसत नाही. ज्यांच्या मुलाचा ढीग वर पोचला की बाप मॅनेजमेंट कोट्याचे पैसे भरून खालच्या चार रांगा पुसून देतो, त्यांनी हा शब्द जरा जपून वापरावा.

तर मग करायचं काय? कायद्याचं कलम १६ सगळ्यांना पाठ आहे, कलम २४ कुणी वाचत नाही. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणं, हे त्या कलमाने शिक्षकाचं कर्तव्य ठरवलं आहे. कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला जुंपायचं नाही. शिक्षकांना इतर कामाला लावून वर त्यांनाच शिव्या घालण्यात अर्थ नाही, ही त्यांचीही बाजू आहे. कलम २१ ची शाळा व्यवस्थापन समिती तर आपलीच आहे: तीन चतुर्थांश सदस्य पालक, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा, निम्म्या स्त्रिया. या समितीची बैठक कधी झाली, हे आपल्या वस्तीतल्या किती पालकांना माहीत असतं? आपली माणसं अंगठा नाहीतर सही करून चहा पिऊन येतात. नापास करण्यावर फेसबुकवर भांडणाऱ्या मित्रांनी एकदा या बैठकीत बसावं आणि विचारावं: ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांची यादी कुठे आहे, आणि त्यांना कोण, किती वाजता शिकवतं? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.

विहारात आम्ही आमची यादी सुरू केली आहे. मुलाचं नाव, कुठे अडतो, त्या वर्षी घरात काय चाललं होतं, एवढे तीन रकाने. तिसरा रकाना भरताना आया बोलायला लागतात आणि वेळ फार जातो, पण बहुतेक वेळा रिकामं घर तिथेच सापडतं. त्या सहावीतल्या मुलाबरोबर रोज वीस मिनिटं जोडाक्षरं चालू आहेत. सात आकारांचा खेळही त्याने परत लावला आहे. परवा हरला तेव्हा मोबाइल उलटा ठेवला नाही. स्क्रीन आमच्यापुढे धरून म्हणाला, "दादा, इथं चुकलं होतं."