कॉफीच्या मशीनचा कोरा रकाना

आमच्या फ्रिजवर सध्या एक तक्ता चिकटवलेला आहे. मुलानं केलाय. कॉफीच्या तीन मशीनची नावं, पुढे किंमत, दाब, वॉट, पाण्याची टाकी, वॉरंटी, रंग. माझ्या नवऱ्याच्या मोबाईलमध्ये यातलं एक मशीन दोन महिन्यांपासून खरेदीच्या यादीत पडून आहे. अकरा हजारांच्या पुढचं. दीर पुण्यात असतो, त्याच्याकडे असंच आहे. तो दर रविवारी फेसाळलेल्या कपाचा फोटो पाठवतो आणि आमच्याकडे पुन्हा चर्चा सुरू होते.

मी तक्ता नीट वाचला. वर्गात मुलांच्या वह्या तपासते तसाच. मग पेनानं शेवटी आणखी एक रकाना ओढला: 'धुणार कोण?' तिन्ही मशीनसमोर तो रकाना आजही कोरा आहे.

वाद मशीनशी नाही. कॉफी मला आवडते, आणि चांगल्या मशीनची कॉफी चांगलीच लागते. वाद आहे तो एका वाक्याशी. "अगं, तुझ्यासाठीच तर घेतोय, तुझा त्रास वाचेल." हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलं असं नाही. शाळेतल्या तीन सहकारी बायकांनी हेच वाक्य ऐकलंय. कुणी एअर फ्रायरबद्दल, कुणी रोटी मेकरबद्दल. दोघींची यंत्रं आज माळ्यावर आहेत.

घरात यंत्र आलं की बाईचा त्रास वाचतो, हे काही यंत्रांबाबत अगदी खरं आहे. माझ्या सासूबाईंनी निम्मं आयुष्य पाट्यावर वाटण वाटलं. मिक्सर आला तेव्हा त्यांचे खांदे सुटले. वॉशिंग मशीनबद्दल तर मी कुणालाही वाईट बोलू देणार नाही. पण ही यंत्रं आली ती आधीपासून होत असलेल्या कामावर. कपडे धुवावेच लागत होते, वाटण वाटावंच लागत होतं. एस्प्रेसो आमच्या घरात कधी होतच नव्हती. म्हणजे या मशीननं वाचणारं कामच नाही, घरात नवं काम मात्र येतंय.

ते काम काय आहे, हे जाहिरातीत दिसत नाही. तिथं बोट बटनावर पडतं आणि कपात धार लागते. प्रत्यक्षात प्रत्येक कपाला आधी पूड मोजून गाळणीत भरायची, दाबून सपाट करायची, दांडा अडकवायचा, मग बटन. धार पंचवीस-तीस सेकंदांत संपते. त्यानंतर ओला चोथा ठोकून काढायचा, गाळणी धुवायची. वाफेच्या नळीनं दूध फेसाळलं की ती नळी त्याच क्षणी पुसायची आणि आतून वाफ सोडून साफ करायची. पाच मिनिटं विसरलात तर दूध आतच वाळतं, नंतर वास येतो. खाली ठिबकणाऱ्या पाण्याची ताटली रोज रिकामी करायची. आणि आमच्या आष्ट्यात आणखी एक गोष्ट. वाळवा तालुक्यात उसाच्या पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्या हे इथं शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. बोअरच्या पाण्यानं गिझरच्या कॉइलवर पांढरा थर कसा चढतो ते प्रत्येक घरानं पाहिलंय. तोच थर मशीनच्या आतल्या बारीक नळ्यांत चढणार. मग लिंबूसत्त्वाचं पाणी फिरवून तो काढायचा, पुन्हा साधं पाणी फिरवायचं. हे केलं नाही तर मशीन बसणार, आणि दुरुस्तीसाठी खोका घेऊन सांगली नाहीतर कोल्हापूर गाठायचं.

सासूबाई कॉफी पीत नाहीत. पण चर्चा ऐकून त्यांनी पोराला एकच प्रश्न विचारला, "धोना किसकू, वो पूछ पैले." त्यांना तक्ता वाचता येत नाही. मुद्दा माझ्या आधी त्यांनीच पकडला होता.

आता पाहुण्यांचं बघा. आमच्याकडे माणूस एकटा येत नाही. ईदच्या दिवशी तर दार बंदच होत नाही. आठ जण बसले तर चहाचं एक पातेलं चढतं, दहा मिनिटांत आठही कप बाहेर जातात आणि मीही माझा कप घेऊन त्यांच्यात बसते. मशीनवर दुधाच्या एका कपाला सगळं धरून चार मिनिटं लावा. आठ कपांना अर्धा तास. पहिल्याचा कप रिकामा होईल तेव्हा शेवटच्याचा भरायचा असेल, आणि तो अर्धा तास मी ओट्यापाशी उभी. बाहेरून आवाज येणार, "भाभी, मशीन की कॉफी एकदम होटल जैसी!"

हॉटेलसारखी का असते याचंही कारण आहे. हे यंत्र मुळात दुकानासाठीच घडलं. मिलानच्या लुईजी बेझेरानं १९०१ साली त्याचं पेटंट घेतलं. गिऱ्हाइकाला ताटकळत न ठेवता एकेक कप झटपट काढून द्यायचा, हा हेतू. यंत्रामागे दिवसभर उभा राहणारा माणूस त्यात गृहीतच धरलेला होता, आणि त्या माणसाला पगार होता. ते यंत्र लहान करून घरात आणलं, तेव्हा माणसाची जागा तशीच राहिली, पगार तेवढा गेला. याच इटलीत १९३३ साली बियालेत्तीचा मोका पॉट आला. घरच्या शेगडीवर ठेवायचा, पाणी उकळून वाफेच्या दाबानं पुडीतून वर चढतं, तीन-चार जणांची कॉफी एकदम होते. तो घरासाठीच बनवलेला होता, हे वापरताना कळतं.

दाबाचा आकडाही जरा तपासून घ्या. एस्प्रेसोला पुडीवर सुमारे ९ बार दाब पुरतो. खोक्यावरचा १५ किंवा २० हा पंपाच्या कमाल ताकदीचा आकडा. स्वस्त मशीनच्या गाळणीला बहुधा तळाशी एकच बारीक छिद्र असतं, त्यातून जोरानं धार निघते म्हणून वर फेस दिसतो. पूड जुनी असली तरी दिसतो. चव पुडीच्या ताजेपणात असते आणि ताजेपणा दळण्यात. अकरा हजारांचं मशीन घेऊन त्यात सहा महिन्यांपूर्वी दळलेलं पाकीट ओतणं म्हणजे नव्या चुलीवर शिळी भाकरी. शिवाय वीज गेली की आमचा इन्व्हर्टर पंखे आणि दिवे चालवतो, हजार-तेराशे वॉटचा हीटर त्याच्या आवाक्यात नाही.

बरं, पैसे? "बिनव्याजी हप्ते आहेत ना." आमच्याकडे सूदावरचं बयान ऐकून मान डोलावणारी माणसंच हे म्हणतात, म्हणून सांगते. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना स्पष्ट कळवलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते प्रक्रिया शुल्कासारख्या नावाखाली लपवलेलं असतं. रोखीनं घेणाऱ्याला सवलत आणि हप्तेवाल्याला पूर्ण किंमत, हाही त्याचाच एक प्रकार. घ्यायचंच तर पैसे साठवून घ्या.

शिक्षकांच्या खोलीत एक सर म्हणाले, "मॅडम, कॉफी हे आपलं नाहीच, आपण चहावाले." हे मात्र मला मान्य नाही. कॉफी शब्दच कहवातून आला. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला ती पीत. १५११ साली मक्केत खैर बेगनं तिच्यावर बंदी घातली, ती टिकली नाही. आणि आपल्या शेजारच्या चिकमगळूरच्या डोंगरात ती बाबा बुडन यांनी मोखाहून सात बिया आणून लावली, असं परंपरा सांगते. डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे. पण मला यातलं सगळ्यात आवडतं ते अब्दुल कादिर अल-जझीरी यांनी सोळाव्या शतकात कॉफीवरच्या आपल्या किताबात नोंदवलेलं. सूफींच्या बैठकीत लाल मातीच्या मोठ्या भांड्यात कॉफी असे, आणि त्यांचा शेख स्वतः लहान पळीनं ती काढून उजवीकडून एकेकाला देई. सगळ्यात मोठा माणूस वाढायला, बाकीचे प्यायला. कॉफी आपली आहे असं म्हणणाऱ्यांनी ही पळीही आपली म्हणावी.

मग घ्यायचं काय? पुण्यात एकटा राहणारा, कॉफीचा शौक असलेला माणूस असेल तर त्यानं मशीन खुशाल घ्यावं. आधी दळणी चांगली घ्यावी, उरलेल्या पैशांत मशीन. तो स्वतः पिणार, स्वतः धुणार, माझा काही आक्षेप नाही. बिनदुधाची पिणारी दोघंच असतील तर मोका पॉट, त्याचं रबर अधूनमधून बदलायचं एवढंच. आमच्यासारख्या भरल्या घराला, म्हशीच्या दुधावर वाढलेल्या माणसांना, स्टीलचा साधा दाक्षिणात्य फिल्टर. वरच्या भांड्यात पूड, त्यावर उकळतं पाणी, झाकण. वीस मिनिटांत खाली घट्ट अर्क उतरतो. गरम दूध घातलं की सहा जणांची कॉफी. वायर नाही, पंप नाही, बिघडण्यासारखं काही नाही.

गेल्या महिन्यात मी सांगलीहून तो आणला, पाचशेच्या आत. अट एकच घातली: जो आधी पिईल तो लावेल, जो शेवटी पिईल तो धुवेल. नवऱ्याची कॉफी, खरं सांगायचं तर, माझ्यापेक्षा बरी होते. पहिल्या आठवड्यात फिल्टर रविवारी दुपारी मोरीत पडला. मी हात लावला नाही. सोमवारी तिथंच. मंगळवारी पहाटे फज्रनंतर नळाचा आवाज आला, मी पडूनच राहिले. तक्ता अजून फ्रिजवर आहे. तळाशी मुलानं चौथी ओळ घातलीय, 'फिल्टर', आणि माझ्या रकान्यात लिहिलंय, 'पप्पा (मंगळवारपर्यंत)'.