इमिग्रेशनचा दर्जा, भाषा आणि समान वागणूक

कॅलिफोर्नियात अनरू नागरी हक्क कायदा १९५९ सालापासून लागू आहे. दुकान असो, हॉटेल असो, दवाखाना असो की बँक, कोणत्याही धंद्याने वंश, धर्म, लिंग यांवरून गिऱ्हाइकांत डावे-उजवे करू नये, असे तो सांगतो. १ जानेवारी २०१६ पासून या यादीत नागरिकत्व, इमिग्रेशनचा दर्जा आणि मुख्य भाषा यांची भर पडली. भेदभाव सिद्ध झाला तर किमान ४,००० डॉलर भरपाई द्यावी लागते.

अशा कायद्यांवर पहिला आक्षेप येतो तो असा: जो देशात बेकायदा राहतो त्याला कायद्याने संरक्षण देणे म्हणजे कायदा मोडणाऱ्यालाच बक्षीस देणे. हा आक्षेप कायदा न वाचता घेतलेला आहे. अनरू कायदा कोणालाही देशात राहण्याचा परवाना देत नाही, हद्दपारीचा केंद्राचा अधिकार रोखत नाही, आणि केंद्रीय कायद्याने जिथे कागदपत्रांची पडताळणी सक्तीची आहे तिथे ती करण्याची मुभा स्पष्ट शब्दांत देतो. बंदी आहे ती एवढीच, की घरमालकाने किंवा दुकानदाराने स्वतःच इमिग्रेशन अधिकारी होऊन बसू नये.

हे संरक्षण नसले तर फायदा कोणाचा होतो, हे २००२ सालच्या हॉफमन प्लास्टिक खटल्यात दिसले. कामगार संघटनेला पाठिंबा दिला म्हणून एकाला कामावरून काढले गेले. ते काढणे बेकायदा ठरले होते. तरीही त्याच्याकडे कामाचा वैध परवाना नव्हता, म्हणून बुडालेली मजुरी त्याला देता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी दिला. कायदा मालकाने मोडला आणि पैसेही मालकाचेच वाचले. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी ठरवले, की राज्याच्या कामगार कायद्यांखालील जबाबदारी ठरवताना कामगाराचा दर्जा पाहायचा नाही. घरभाड्यातही तोच प्रकार चाले. भिंतीला ओल आली, हीटर बंद पडला, भाडेकरूने तक्रार केली, की इमिग्रेशनला फोन करण्याची धमकी. २०१८ पासून तिथे अशी धमकी देणे बेकायदा आहे. धमकीला भिऊन कमी मजुरीत राबणारा माणूस हाताशी असला, की शेजारच्या नागरिक कामगाराची मजुरीही खाली येते. हा मुद्दा आक्षेपकांनी विशेष लक्षात घ्यावा.

शिवाय सुक्याबरोबर ओलेही जळते. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने परवाना नसलेल्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांना दंड लावला. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९० मध्ये पाहणी केली, तेव्हा या कायद्यामुळे सुमारे १० टक्के मालकांनी मूळ देशावरून भेदभाव सुरू केल्याचे आढळले. चेहरा परका, उच्चार परका, म्हणून नोकरी नाही किंवा कागदपत्रांची जादा तपासणी. याचा जाच वैध परवाना असलेल्यांना आणि जन्माने अमेरिकन असलेल्यांनाही झाला.

भाषेबाबतचा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. धंदा कोणत्या भाषेत चालवायचा हे मालकाने ठरवावे, असे तो म्हणतो. टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावच्या इमारती लाकडाच्या दुकानात एका विक्रेत्याला, त्याला स्पॅनिश येते म्हणूनच, नेमले होते. गिऱ्हाइकांशी तो स्पॅनिश बोले. एकदा सहकाऱ्याने एका मालाबद्दल विचारले, त्याने तो शिल्लक नसल्याचे स्पॅनिशमध्ये सांगितले, आणि त्याची नोकरी गेली. दोन्ही भाषा येणारा माणूस इंग्रजी निवडू शकतो, म्हणून यात भेदभाव नाही, असे केंद्रीय अपील न्यायालयाने १९८० मध्ये म्हटले. हा तर्क टिकणारा नाही. धंद्यासाठी जी भाषा चालते तीच सहकाऱ्याशी बोलताना गुन्हा ठरत असेल, तर अडचण भाषेची नसून ती बोलणाऱ्याची आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत किंवा धोक्याच्या यंत्रापाशी एका भाषेचा आग्रह रास्त आहे, आणि कॅलिफोर्नियाचा २००२ पासूनचा नियम तो मान्य करतो: धंद्याची खरी गरज दाखवा, कामगारांना आधी कळवा, मग बंधन घाला. प्रत्येक दुकानदाराला दहा भाषांत पाट्या लावाव्या लागतील ही भीतीही निराधार आहे. अन्य कायद्याने सांगितले नसेल तर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत सेवा देण्याची सक्ती नाही, असे अनरू कायद्यातच लिहिले आहे.

हे कायदे परक्यांचे लाड करतात, असेही म्हटले जाते. पण भेदभावाविरुद्धचे संरक्षण नागरिकांनाही मिळते: २०२४ मध्ये नवव्या विभागाच्या केंद्रीय अपील न्यायालयाने निर्णय दिला, की व्हिसाधारकांना झुकते माप देऊन अमेरिकन नागरिकाला नोकरी नाकारणे हाही बेकायदा भेदभाव आहे.

खरी उणीव वेगळीच आहे. १९८६ च्या कायद्यातील नागरिकत्वावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचे संरक्षण नागरिक, निर्वासित, आश्रय मिळालेले आणि काही अटींवर ग्रीन कार्डधारक यांनाच आहे. एच-१बी व्हिसावर रीतसर काम करणारे त्यातून वगळले आहेत, आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. ही त्रुटी अमेरिकी काँग्रेसने दूर केली पाहिजे.