चालायचे कुठे, डॉक्टर?

या आठवड्यात पावसाळ्यातील तापांविषयी लिहायचे ठरवले होते. तो विषय पुढच्या वेळी. आज एका बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे.

या बाई निवृत्त शिक्षिका. वय पासष्टच्या आसपास, मधुमेह बारा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या नावाखाली मी मोठ्या अक्षरात लिहिले होते, ‘रोज अर्धा तास चालणे.’ बाई पडल्या शिक्षिका. सांगितलेले काम नीट करायची सवय. लेक पुढच्याच स्टेशनच्या गावी राहते. तिच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा पॅसेंजरने जाणे होई. बाईंनी रिक्षा सोडली आणि घर ते स्टेशन चालत जायला सुरुवात केली. बाकीच्या दिवशीही त्याच रस्त्याने एक फेरी मारू लागल्या. चार महिन्यांत साखर इतकी आटोक्यात आली की मी एक गोळी कमी केली.

पुढे पावसाळा आला. एका संध्याकाळी स्टेशनहून परतताना रस्त्यावर पाणी साचले होते, दिवे गेलेले होते. मागून टेम्पो आला म्हणून बाई कडेला सरकल्या आणि गटारावरच्या दोन फरशांच्या फटीत पाय गेला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. आता वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतात. साखर पुन्हा चढली आहे आणि कमी केलेली गोळी परत सुरू झाली आहे.

परवा दवाखान्यात येऊन बसल्यावर त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, चालायला तुम्ही सांगितलंत. पण चालायचं कुठे, ते चिठ्ठीवर लिहिलं नव्हतंत.”

मला उत्तर देता आले नाही.

तेराशे चाळीस पावले

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेंजर यायच्या वेळी मी स्टेशनवर गेलो आणि तेथून एस.टी. स्टँडच्या चौकापर्यंत पावले मोजत चालत आलो. पावले भरली १,३४०. वेळ लागला १२ मिनिटे. एवढ्याशा अंतरात मला फुटपाथ सोडून भर रस्त्यावर उतरावे लागले १७ वेळा. कुठे मोटारसायकली लावलेल्या, कुठे दुकानाच्या पायऱ्या पुढे आलेल्या, कुठे विजेचा खांब, कुठे वाळूचा ढीग, तर कुठे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक बरोबर मधोमध. दोन ठिकाणी फुटपाथ इतका उंच की गुडघे दुखणाऱ्या माणसाने त्यावर चढायचे म्हणजे आधाराला कोणी तरी हवे. तीन ठिकाणी गटाराचे झाकणच नव्हते.

माझ्याबरोबर त्या गाडीतून उतरलेले लोक कोण होते? पाठीवर दप्तर घेतलेली कॉलेजची मुले-मुली, भाजीची टोपली घेतलेल्या बाया, कचेरीत जाणारे कारकून, कडेवर मूल घेतलेली आई, तपासणीसाठी आलेले आजोबा. यांतले बहुतेक जण बाहेर येताच शेअर रिक्षात कोंबून बसले. आळस म्हणून नव्हे. बारा मिनिटांचा रस्ता त्यांना चालण्यासारखा वाटत नाही, म्हणून.

आता एक साधा हिशेब करू. स्टेशनवरून रोज जा-ये करणाऱ्या माणसाने हे अंतर जाताना आणि येताना चालून काढले, तर दिवसाची २४ मिनिटे होतात. आठवड्यातून सहा दिवस धरले तर १४४ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे जिमची फी नाही, पहाटेचा गजर नाही, वेगळा वेळ काढणे नाही. नुसता स्टेशन रोड नीट असेल तर किमान व्यायाम जवळजवळ पुरा होतो. शिवाय रिक्षाचे पैसे वाचतात ते वेगळेच.

स्नायूंचे काम

पुष्कळांना वाटते, चालण्याने काय होणार? घाम निघाला तरच व्यायाम. हा गैरसमज आहे. चालताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू आकुंचन पावतात, तेव्हा ते रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढून घेतात. व्यायाम संपल्यावरही बराच काळ शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देते. म्हणूनच जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्यानेही वाढणारी साखर खाली राहते. चालताना शेजारच्याशी बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, असा वेग असला की तो मध्यम श्रम समजावा.

सायकलचेही तसेच. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांना सायकल अनेकदा चालण्यापेक्षा सोसते, कारण शरीराचे बरेचसे वजन सीटवर पडते, गुडघ्यावर येत नाही. आमच्या पिढीला हे वेगळे शिकवावे लागले नाही. नगरपालिकेचा बिल्ला लावलेली सायकल, तासावर भाड्याने मिळणारी सायकल, दुधाच्या किटल्या अडकवलेली सायकल, सगळे गाव सायकलवर होते. स्टेशनच्या स्टँडवर सायकल ठेवायची आणि गाडी पकडायची, हा रोजचा शिरस्ता होता.

आज काय आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या उंबरठ्यावरच्या माणसांना चालणे हेच पहिले औषध. आणि ते औषध घ्यायला बाहेर पडावे, तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी समोर येते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांत ३२ हजार ८२५ पादचारी होते. मरणाऱ्या दर पाच माणसांत जवळजवळ एक जण पायी चालणारा. आमच्या शिक्षिकाबाईंसारखे जे पडतात, हाड मोडून घेतात आणि अंथरुणाला खिळतात, त्यांची तर या यादीत नोंदही होत नाही. म्हातारपणी खुबा मोडला की नुसते हाड मोडत नाही. पडून राहिल्याने छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, मन खचते. कित्येक जण त्यातून पूर्वीसारखे उठत नाहीत.

हाउटेन नावाचे गाव

हे सगळे असेच असते, असे कोणी म्हणेल. तसे नाही. नेदरलँड्स हा देश आज सायकलींसाठी ओळखला जातो, पण तो जन्मतः तसा नव्हता. १९७१ साली तेथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळच उभी राहिली. सरकारला रस्त्यांचा विचार नव्याने करावा लागला.

त्याच दशकात उट्रेख्ट शहराजवळच्या हाउटेन या छोट्या गावाचा विस्तार ठरला. आज त्याची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. आखणाऱ्यांनी गावाच्या मध्यभागी रेल्वे स्टेशन धरले आणि घरांपासून, शाळांपासून स्टेशनकडे सरळ जाणारे रस्ते पायी चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना दिले. मोटारींना बंदी केली नाही. फक्त एका पेठेतून दुसऱ्या पेठेत मोटारीने जायचे तर बाहेरच्या वळणरस्त्याने फेरा मारावा लागतो. साहजिकच जवळच्या कामाला लोक सायकल काढतात. सायकली ठेवायला रुळांच्या खालीच जागा आहे. २००८ साली त्या देशातील सायकल-शहराचा मान हाउटेनला मिळाला.

आपले गाव नव्याने वसवता येणार नाही, हे मलाही कळते. जुन्या पेठा, अरुंद रस्ते, वाडवडिलांची दुकाने आपण हलवू शकत नाही. पण हाउटेनमधून एक गोष्ट उचलता येते. तेथे पहिला प्रश्न विचारला गेला तो स्टेशनात उतरलेला माणूस पायी कसा जाईल, हा. मोटारी कुठून जातील, हे त्यानंतर ठरले. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे.

काय करता येईल

६ ऑगस्ट २०२३ रोजी अमृत भारत योजनेखाली देशातील ५०८ रेल्वे स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. स्थानके सुधारावीत, त्यात आनंदच आहे. पण आवाराच्या फाटकाबाहेर रस्ता दुसऱ्या खात्याचा होतो, गटार तिसऱ्याचे आणि खांब चौथ्याचे. उतारू मात्र एकच असतो. म्हणून रेल्वे, नगरपालिका, बांधकाम खाते आणि वाहतूक पोलीस यांनी एकदा एकत्र येऊन गाडीच्या वेळेला हा रस्ता चालून पाहावा, अशी माझी पहिली सूचना आहे. मोटारीतून नव्हे, पायी.

दुसरी सूचना फुटपाथची. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांप्रमाणे फुटपाथवर किमान १.८ मीटर, म्हणजे सुमारे सहा फूट जागा पूर्ण मोकळी हवी आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. म्हातारी माणसे चढू शकतील अशी ही उंची आहे. जेथे गल्ली येऊन मिळते तेथे उतार हवा, म्हणजे चाकाची खुर्ची आणि बाळाची गाडी जाईल. गटारावरची झाकणे पक्की आणि सपाट हवीत.

तिसरी सूचना वेगाची. जेथे माणसे आणि वाहने मिसळतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तरी प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. स्टेशनसमोर रस्ता ओलांडण्याची जागा फुटपाथच्या पातळीला उचलून घेतली, तर वाहनांचा वेग आपोआप कमी होतो. शिट्टी फुंकायला पोलीस लागत नाही.

चौथी, सायकलला छपराचा आणि कुलूप लावता येईल असा स्टँड, अगदी दाराजवळ. आणि पाचवी, संपूर्ण रस्त्यावर दिवे आणि झाडे. शेवटच्या गाडीने येणाऱ्या मुलीला अंधारात चालायला लावून आपण तिला व्यायामाचे महत्त्व सांगू शकत नाही.

आता दोन आक्षेप. पहिला, फेरीवाल्यांना हटवल्याशिवाय हे होणार नाही. मला तसे वाटत नाही. चहावाला, भाजीवाली, फळवाला यांच्यामुळे संध्याकाळी रस्त्याला जाग असते आणि जाग असते म्हणून बायकामुलींना तेथून जायला भीती वाटत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांची पाहणी करून त्यांना जागा ठरवून द्यायची सोय केलेली आहे. ती वापरावी. माझ्या सतरा अडथळ्यांत हातगाड्या होत्या फक्त तीन. बाकी चौदा अडथळे तुमच्या-माझ्यासारख्यांनी आणि खात्यांनी घातलेले होते.

दुसरा आक्षेप पैशांचा. झाकणे बसवणे, दिवे दुरुस्त करणे, फलक काढणे, पांढरे पट्टे मारणे यांना फार मोठा निधी लागत नाही. खुब्याच्या एका शस्त्रक्रियेला एका घराचा किती पैसा जातो, हे मी रोज पाहतो. तो खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

आणि हे कोणाच्या मेहेरबानीचे काम राहिलेले नाही. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पादचाऱ्यांचा फुटपाथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे फुटपाथ असले पाहिजेत, हेही न्यायालयाने सांगितले.

वाचकहो, तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. आपल्या दारासमोरच्या फुटपाथवर आपली मोटारसायकल असेल तर ती आजच काढा. आणि एका रविवारी स्टेशनपासून आपल्या घरापर्यंत चालत या. रस्त्यावर किती वेळा उतरावे लागले ते मोजा. ठिकाणे कागदावर लिहा आणि तो कागद आपल्या नगरसेवकाच्या हातात द्या. तोंडी तक्रार विसरली जाते. माझ्या सतरा ठिकाणांची यादी मी सही करून दिली आहे आणि तिची पोचही घेतली आहे.

शिक्षिकाबाई पुढच्या महिन्यात तपासणीला येतील. तोपर्यंत त्या गटारावर निदान एक नवी फरशी बसलेली असावी, एवढीच इच्छा आहे. मग मी त्यांच्या चिठ्ठीवर पुन्हा ‘चालणे’ लिहीन आणि पुढे रस्त्याचे नावही घालीन.