चित्राखालची ओळ

ठाणें हें तलावांचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे. मासुंदा, उपवन, कचराळी हीं नांवें आमच्या विद्यार्थ्यांस पाठ आहेत. कल्याणांतही काळा तलाव आहे. सुटीच्या दिवशीं या तलावांच्या काठीं मुलें मोबाईल घेऊन बगळे, खंड्या, कासवें यांचीं छायाचित्रें टिपतांना दिसतात. हा छंद उत्तम आहे, असें आमचें मत आहे. परंतु त्यांत एक उणीव राहून जाते, आणि ती सांगतांना प्रथम आमचीच चूक सांगणें योग्य होईल.

गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें कचराळी तलावाकाठीं दगडावर ऊन खात बसलेल्या कासवाचें सुरेख छायाचित्र आणलें. आम्हीं तें कौतुकानें वर्गाच्या भिंतीवर लावलें आणि खालीं स्वहस्तें लिहिलें : ‘आमच्या तलावाचा जुना रहिवासी.’ चार दिवसांनीं मागल्या बाकावरील एक मुलगी हळूच म्हणाली, “सर, हें जुनें नाहीं. असेंच एक आम्ही तेथें सोडलें होतें. कदाचित् हें आमचेंच असेल.”

तिच्या वडिलांनीं तें बाजारांतून आणलें, तेव्हां तें रुपयाएवढें होतें. पुढें तें वाढलें, कांचेची पेटी पुरेना, म्हणून कोंडून ठेवण्यापेक्षां मोकळें करावें अशा दयाबुद्धीनें घरच्यांनीं तें पाण्यांत सोडलें. आम्हीं चित्र पुन्हां जवळून पाहिलें. डोळ्यामागें लाल पट्टा स्पष्ट होता. तो आम्हांस आधीं दिसला नव्हता, कारण आम्ही केवळ चित्र पाहत होतों, प्राणी पाहत नव्हतों.

हें लाल कानाचें कासव मूळचें उत्तर अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतलें. आपल्याकडील कासवें पाळण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे; म्हणून दुकानांत हें परदेशी पिल्लू खपतें. तें सुमारें एक फूट लांब होतें व कित्येक दशकें जगतें. तलावांत सुटल्यावर अन्नासाठीं आणि ऊन खाण्याच्या जागेसाठीं तें आपल्या कासवांशीं झगडतें. युरोपीय संघानें 1997 सालींच त्याची आयात थांबविली.

अशीच कथा कॉयपू नामक मोठ्या पाणउंदराची. दक्षिण अमेरिकेंतील हा प्राणी केसाळ कातड्यासाठीं 1929 सालीं इंग्लंडांत आणला गेला. पाळीव वाड्यांतून निसटून तो पूर्व इंग्लंडच्या पाणथळींत पसरला. त्यानें कालव्यांचे बांध पोखरले, पिकें खाल्लीं. अखेर 1981 पासून मोहीम काढून, सापळे लावून, 1989 पर्यंत त्याचा नायनाट करावा लागला. युरोपांत इतरत्र तो अद्यापि तळ्याकाठीं दिसतो, आणि लोक हौसेनें त्याचीं छायाचित्रें घेतात. जगांतील अत्यंत उपद्रवी अशा 100 आगंतुक जीवांची जी यादी 2000 सालीं प्रसिद्ध झाली, तींत कॉयपू आणि लाल कानाचें कासव हे दोघेही आहेत.

यांत प्राण्याचा अपराध कांहींच नाहीं. तो आपण होऊन आला नाहीं, त्यास माणसानें आणलें. म्हणून त्यास दगड मारणें हा उपाय नव्हे, आणि त्याचें छायाचित्र घेऊं नये असेंही आम्ही म्हणत नाहीं. उलट, अवश्य घ्यावें. मात्र खालीं चार गोष्टी लिहाव्या : प्राण्याचें नांव, मूळ देश, जागा व तारीख. अशा चित्रांवरून कोणता पाहुणा कोठवर पसरला, हें जाणत्यांस कळतें. नांवावांचून चित्र ही नुसती शोभा होय.

पालकांसही आमची विनंति आहे. मुलांच्या हट्टासाठीं असें पिल्लू विकत घेऊं नये. घेतलेंच असेल, तर त्यास जन्मभर सांभाळावें. तें अशक्य झाल्यास वनखात्याचा सल्ला घ्यावा, पण तलावांत सोडूं नये. एकास मोकळें करण्याची दया तलावांतील अनेकांच्या मुळावर येते.

तें चित्र आम्हीं भिंतीवरून काढलें नाहीं. फक्त आमची ओळ खोडली. नवी ओळ त्या मुलीनेंच सांगितली, आम्हीं लिहिली : ‘लाल कानाचें कासव. मूळ देश अमेरिका. येथें आम्ही आणलें.’