सर्व्हर सारखा क्रॅश होतोय? दोष प्रोसेसरला देण्याआधी हे वाचा

मोबाईलचं स्टोरेज भरलं, गूगलची फुकट १५ जीबीची जागाही संपली, म्हणून मी घरीच एक छोटा सर्व्हर बांधला. मंडईजवळ आमचं जुनं घर आहे. लाकडी जिन्याखाली एक डबा ठेवला, त्यात घरातल्या सगळ्यांचे फोटो. पहिल्या आठवड्यात तो चार वेळा बंद पडला. कधी रात्री दोनला, कधी भर दुपारी.

माझा पहिला संशय प्रोसेसरवर गेला, आणि त्याला कारण होतं.

इंटेलचं प्रकरण काय होतं?

२०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर वापरणाऱ्या अनेकांचे कॉम्प्युटर क्रॅश होत होते. गंमत म्हणजे काही गेम्समध्ये 'व्हिडिओ मेमरी अपुरी' असा एरर यायचा, त्यामुळे लोक ग्राफिक्स कार्डलाच शिव्या घालत बसले. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतोय. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, सप्टेंबरमध्ये आणखी एक. वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

पण यातली खरी मेख अशी, की अपडेटमुळे पुढचं नुकसान थांबतं. आधीच झिजलेली चिप बरी होत नाही. म्हणजे चूक कंपनीची, पण 'माझी चिप खराब झालीये' हे दाखवून ती बदलून घ्यायची खटपट ग्राहकाची.

माझा प्रोसेसर १३व्या पिढीचाच. बायोस अपडेट केलं आणि निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी सर्व्हर परत बंद!

मग शोध कसा घेतला?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम केला. आधी वीज. यूपीएस लावला, फरक नाही. मग उष्णता. डबा जिन्याखालून बाहेर काढला, तापमान ठीक, तरी क्रॅश. मग लॉग वाचले. दर वेळी वेगळाच प्रोग्रॅम कोसळत होता, आणि तिथेच ट्यूब पेटली.

मंडईत एकाच गाळ्यावर बटाटेही वजनाला कमी भरले, कांदेही कमी भरले आणि लसूणही, तर आपण भाजीला दोष देत नाही, काट्याकडे बघतो. रोज वेगळा प्रोग्रॅम पडत असेल तर संशय त्या सगळ्यांच्या खाली असलेल्या गोष्टीवर घ्यायचा. इथे ती गोष्ट होती रॅम.

'मेमटेस्ट८६+' हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवलं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. दोन्ही स्टिक एकेकट्या तपासल्या, तर दोन्ही ठणठणीत! एकत्र लावल्या की चुका. एक्सएमपी बंद केलं आणि चुका शून्य.

चूक माझीच होती. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने 'क्रूशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून पैसे वाचवायला मी एक जुनी आणि एक नवी, वेगवेगळ्या कंपन्यांची स्टिक जोडली आणि वर एक्सएमपी चालू केलं. एक्सएमपी म्हणजे रॅमला तिच्या मूळ वेगापेक्षा जास्त पळवणं. डब्यावर छापलेला वेग एकाच संचातल्या जोडीसाठी तपासलेला असतो, उसन्या जोडीसाठी नाही.

क्रॅशपेक्षा वाईट काय?

क्रॅश निदान दिसतो. पण रॅममध्ये एखादा बिट उलटला आणि तोच डिस्कवर लिहिला गेला, तर कोणी ओरडत नाही. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे दोन फोटो आता अर्धे राखाडी दिसतात. फोनमधले मूळ फोटो मी 'आता सर्व्हरवर आहेत' म्हणून उडवले होते. भावाकडे व्हॉट्सॲपवरची दाबलेली प्रत सापडली, तेवढीच.

तुमच्यासाठी

• नवीन कॉम्प्युटर जोडला की त्यावर काही ठेवण्याआधी एक रात्र मेमरी टेस्ट चालवा.
• पहिला महिनाभर फोनमधले मूळ फोटो उडवू नका. एकच प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.
• फोन सारखा रिस्टार्ट होत असेल तर सेफ मोडमध्ये वापरून बघा. तिथे नीट चालला, तर दोष बहुतेक एखाद्या ॲपचा.
• बिल आणि सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

बातमीत आलेला आजार आपल्यालाच झालाय असं वाटणं साहजिक आहे. मीही त्यात आठवडा घालवला. बातमीवरून संशय घ्यायला हरकत नाही, पण निकाल टेस्टवरूनच द्या.