खाडा

पोहरादेवीच्या आसपासच्या तांड्यांवरून नवरा-बायको जोडीनं बाहेर पडतात, ते दोनच कारणांनी चालतं. एक देवाचं, एक पोटाचं. देवाचं म्हणाल तर रामनवमीला सगळा देशच आमच्याकडे येतो. सेवालाल महाराजांच्या समाधीला आणि जगदंबेला तेलंगणा, कर्नाटक, मध्य प्रदेश, कुठून कुठून गाड्या भरून माणसं येतात. पोटाचं म्हणाल तर दिवाळीच्या आगेमागे ट्रक लागतात. त्यात जोड्या चढतात, सोबत पिठाचा डबा, तवा, गोधड्या आणि कडेवरचं पोर. या दोन्हींना कुणी 'काहून चालले?' म्हणून विचारत नाही.

आम्ही दोघं मागच्या डिसेंबरात मुंबईहून क्रूझवर गेलो. दोन रात्री. बोट मुंबईतून निघाली, समुद्रात फिरली आणि मुंबईलाच परत आली. मधे कुठलं बंदर नाही, कुठलं देऊळ नाही. परत आल्यापासून मी उत्तरं देते आहे, म्हटलं एकदाच लिहून टाकावं.

पहिला प्रश्न सोपा होता. "ते आर्यन खानवालं का?" आमच्या भागात क्रूझ हा शब्द ऑक्टोबर २०२१ च्या एनसीबीच्या छाप्यानं पोहोचला. त्या मुलावर पुढे आरोपपत्रसुद्धा दाखल झालं नाही, ही बातमी मात्र तांड्यावर यायचीच राहिली. दुसरा प्रश्न मामांचा. "एवढ्या पैशात बोअर झाला असता." करांसकट दोघांचे मिळून चाळीस हजारांच्या आसपास गेले. आमच्या मुरमाड रानात याआधी दोन बोअर कोरडे गेलेत आणि त्यात याहून जास्त पैसे गेलेत. त्याला आजवर कुणी उधळपट्टी म्हटलेलं नाही. जमिनीत घातलेला पैसा वाया गेला तरी तो संसारात धरतात. दोन माणसांच्या अंगात थोडी झोप घातली तर ती चैन!

तिसरा प्रश्न शिकलेल्यांचा. एका कार्यक्रमात समाजातले एक मोठे वक्ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, समाज अजून ऊस तोडतोय आणि तुम्ही क्रूझवर?" माझं या सद्गृहस्थांशी भांडण आहे. त्यांना मी तिथं नीट बोलले नाही, कारण पंगत बसत होती.

ऊस तोडतोय, बरोबर. माझे याडी-बापू सोळा हंगाम गेले. म्हणून तर मला हे बोलायचंय. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. उचल जोडीवर मिळते, मजुरी जोडीची धरतात. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. क्रूझचं भाडं बघताना मला हसू आलं होतं ते याच्यामुळे. तिथंही भाडं 'प्रत्येकी' सांगतात, पण एका केबिनमध्ये दोन माणसं धरूनच. एकट्यानं जायचं तर रिकाम्या पलंगाचेही पैसे भरा. अर्ध्या कोयत्याची किंमत अरबी समुद्रातही कमीच.

आणि खाडा. हा शब्द शहरातल्या वाचकांना सांगावा लागेल. हंगामात ज्या दिवशी काम केलं नाही, तो दिवस मुकादमाच्या वहीत खाडा म्हणून चढतो. मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत धरला जातो. ताप आला, खाडा. पोर आजारी पडलं, खाडा. बाईची पाळी आली आणि उभं राहवेना, तरी खाडाच. एकाला बरं नसलं तर दुसऱ्याचाही दिवस बुडतो, कारण हिशोब जोडीचा. याडीला एकदा फडात हिवताप भरला तेव्हा ती दोन दिवस कोपीत पडून होती. त्या दोन दिवसांचे पैसे पुढच्या वर्षीच्या उचलीतून कापले गेले. मला ते आठवतं, कारण त्याच वर्षी माझा शाळेचा स्वेटर राहिला.

या खाड्याचं टोक कुठं जातं ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जातायत, अशा बातम्या आल्या. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त बायकांचं गर्भाशय काढलेलं निघालं. डॉक्टरांचे धंदे त्यात होते, अज्ञान होतं, लहान वयातली लग्नं नि बाळंतपणं होती. पण महिन्यातले तीन-चार दिवस विसावा घेणं परवडत नाही म्हणून शरीराचा तो भागच नको, हा हिशोबही त्यात होता. सुट्टीची किंमत इतकी चढू शकते.

तेव्हा वक्ते महाशय, समाज ऊस तोडतोय म्हणून मी क्रूझवर जायचं नाही, हे गणित मला उलटं वाटतं. आमच्या माणसांचं नुसतं पैशावाचून अडलं असं नाही. 'आज काही करायचं नाही' असं म्हणायची मुभा त्यांना कधी मिळालीच नाही. ज्यांना ती पहिल्यांदा मिळाली, त्यांनी लाजून घरी बसायचं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझ्या रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना असतो. मी 'घरगुती कारण' लिहिलं. सगळेच लिहितात. नाहीतर 'प्रकृती अस्वास्थ्य'. 'आराम' असं लिहिलेला अर्ज मी पंधरा वर्षांत पाहिला नाही. सुट्टी ही दुखण्यातून किंवा कर्तव्यातूनच यावी लागते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी भांडून १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळवली. तेव्हासुद्धा रविवार हा खंडोबाचा वार, हे कारण पुढं करावं लागलं होतं. त्यांनी ते पुढं केलं ते बरंच केलं, आज आपण सगळे त्या रविवारात झोपतो. पण सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. आता तरी खंडोबाला मधे न घालता सुट्टी मागता यावी. संविधानाच्या ४३ व्या कलमात शेतमजुरासकट सगळ्या कामगारांना फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा, असं राज्यानं बघावं म्हटलंय. त्यात कारणाचा रकाना नाही.

बोटीवर काय केलं, हेही सांगते. अकोल्याहून रात्रीची गाडी, सकाळी मुंबई, मग बॅलार्ड पिअर. बॅगा आधीच घेतल्या, त्यांना चिठ्ठ्या बांधल्या. हातात एक कार्ड दिलं. तेच खोलीची किल्ली, त्याच्यावरच खर्चाची नोंद, रोख पैसा चालत नाही. बोट सुटायच्या आधी सगळ्यांना गोळा करून लाइफजॅकेट कसं घालायचं ते दाखवलं. आमची खोली आतल्या बाजूची, सगळ्यात स्वस्त. तिला खिडकी नाही. दिवा बंद केला की दुपारी बारालाही घुप्प अंधार.

नवरा एसटीत कंडक्टर आहे. वीस वर्षं रोज प्रवास करतो आणि कुठंच जात नाही. पहिल्या संध्याकाळी तो जिन्यापाशी उभा राहून चढणारी-उतरणारी माणसं मोजत होता. मी म्हटलं, अहो, तिकिटं फाडायची नाहीत. पहाटे चारला गजराशिवाय उठून बसला. खिडकी नाही म्हणून वेळ कळेना, मग पुन्हा आडवा झाला, तो साडेदहाला उठला. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली. दिवसाउजेडी झोपलेला नवरा मी एकदाच पाहिला होता, सलाइन लावलेलं असताना.

क्रूझचं कौतुक करायला मी बसलेली नाही. डेकवर गाणी इतक्या मोठ्यानं लावतात की समुद्राचा आवाज ऐकायला मागच्या बाजूला जावं लागतं, आणि तिथं धुराचा वास येतो. जेवण भाड्यात, पण ज्यूसचे पैसे वेगळे, हे पीत असताना कळतं. बुफेत सकाळपासून रात्रीपर्यंत ताटंच्या ताटं भरून लोक अर्धी टाकून देतात, ते मला बघवेना. ज्यांच्या घरी पिठाचा डबा मोजून उघडला जायचा त्यांना ते बघवत नाही. एका खेळात जोडप्यांना स्टेजवर बोलावून 'तुमचा सगळ्यात रोमँटिक हॉलिडे कोणता?' असं विचारत होते. नवरा माइकवर "हाच, दुसरा नाही" म्हणाला. लोकांना तो विनोद वाटला, टाळ्या पडल्या, एक चॉकलेट मिळालं.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही रेलिंगपाशी दोन खुर्च्या ओढून बसलो आणि साडेतीन तास काहीही केलं नाही. बोललोही थोडंच. मुलांचं नाही, कर्जाचं नाही. एकदा तो म्हणाला, पाण्याचा रंग बदलला. मी म्हटलं, हो. चाळीस हजारांत मला हे मिळालं. हे शेगावला मिळालं असतं का? नाही. तिथं रांग असते, नवस असतो, परत येताना सासूबाईंसाठी प्रसाद असतो. नातेवाइकाच्या घरी तर बाईला दुसऱ्याच्या ओट्यापाशी उभं राहावं लागतं.

आमच्या मजल्यावर खोल्या आवरणारा मुलगा मणिपूरचा होता. नऊ महिन्यांचा करार, मग दोन महिने घरी. रोज दहा-अकरा तास काम. त्याच्याकडून मला एक गोष्ट कळली, ती नंतर मी शोधून वाचली. जगभरच्या जहाजांवरच्या कामगारांसाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानं तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यात कामाच्या दर महिन्यामागे किमान अडीच दिवस पगारी रजा लिहिलेली आहे. तो मुलगा काही सुखात नव्हता, त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पण त्याची रजा कागदावर आहे. समुद्राच्या मधोमध, कुठलंच राज्य नाही अशा पाण्यावर, फरशी पुसणाऱ्याची रजा कागदावर येऊ शकते. आणि महाराष्ट्राच्या भर मध्यात, साखर कारखान्याच्या काट्यापासून पाच किलोमीटरवर, ती येऊ शकत नाही?

शहरातल्या माझ्या पुरोगामी मैत्रिणींचाही आक्षेप आहे. क्रूझ जहाजं प्रदूषण करतात, हा भांडवलशाहीचा देखावा आहे वगैरे. प्रदूषणाचं खरंच आहे, त्यावर मी वाद घालत नाही. फक्त एवढंच की त्यांच्यातली एक दर मे महिन्यात विमानानं परदेशी जाते आणि तिच्या फोटोंखाली मी कधी कार्बनचा हिशोब वाचला नाही. आपल्याकडे हिशोब पहिल्यांदाच जाणाऱ्याला मागतात.

यात एक जास्तीची चीड आहे, ती बंजारा म्हणून. फिरणं हा आमचा धंदा होता. लमाण हे नाव लवणावरून आलं असं सांगतात. समुद्राकाठचं मीठ बैलांच्या पाठीवर लादून आमचे तांडे आत, डोंगरापलीकडे घेऊन यायचे. १८०३ साली दख्खनच्या लढाईत आर्थर वेलस्लीच्या फौजेला धान्य पुरवणारे बंजारेच होते. सेवाभायांनी समुद्रात अडकलेलं जहाज सोडवल्याची कथा आमच्याकडे सांगितली जाते, तेव्हा समुद्र काही आम्हाला परका नाही. मग आगगाडी आली, धंदा गेला आणि १८७१ च्या कायद्याखाली आमच्यातल्या कित्येक गटांचं फिरणं हाच गुन्हा ठरला. तो डाग १९५२ ला पुसला, असं कागद म्हणतो. आता पोहरादेवीला नंगाऱ्याच्या आकाराचं भलंमोठं संग्रहालय झालंय, ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. मी मुलांना घेऊन गेले होते, चांगलं आहे, बघा. आमच्या पूर्वजांचा प्रवास तिथं प्रकाश टाकून मांडलाय. त्या हंगामातही आमच्या तालुक्यातून ट्रक निघाले. तो प्रवास कुठल्या दालनात नाही, कारण तो संपलेला नाही.

याडीला मी बोटीचे फोटो दाखवले. तिनं मोबाइल जवळ धरून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "तिथं काम काय होतं?" मी म्हटलं, काहीच नाही. "मग दिवसभर?" बसलो होतो. तिनं दोन खुर्च्यांचा फोटो परत मागितला. मुकादम कोण होता, एवढंच विचारायचं बाकी ठेवलं तिनं.

म्हणून माझी मागणी क्रूझची नाही. प्रत्येक कोयत्याला समुद्र दाखवा असं मी म्हणत नाही, जरी कुणी दाखवला तर मला आवडेल. ऊसतोड मजुरांचा करार होतो तेव्हा बातमी दर टनाची येते. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, ती हवीच होती. पुढच्या करारात त्या दराखाली दोन ओळी घाला. आठवड्याला एक दिवस सुट्टी, जोडीला, मजुरीसकट. आणि आजारपण, पाळी, बाळंतपण यांचा खाडा धरला तर दंड मुकादमाला आणि कारखान्याला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, त्यानं वह्या तपासाव्यात. वह्या प्रत्येक टोळीत असतात, शंभर पानी, दोरीनं बांधलेल्या. याडीच्या सोळा हंगामांपैकी एका वर्षाची माझ्याकडे आहे. कुणाला बघायची असेल तर घरी या, मी रविवारी असते.