दत्तक नको, सोयरीक करा

परतवाड्यात बसून जर्मनी-अमेरिकेतल्या चर्चबद्दल काय लिहायचं, असं काही जणांना वाटेल. पण विषय आपल्याच दाराशी आला आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या कॅथलिक मंडळींमध्ये काही महिन्यांपासून एक चर्चा चालू आहे. परदेशातल्या एखाद्या सधन धर्मग्रामानं, म्हणजे पॅरिशनं, मेळघाटाकडची एखादी गरीब पॅरिश "दत्तक" घ्यावी. त्यांनी दरवर्षी काही रक्कम पाठवावी, आपण मुलांचे फोटो आणि आभाराचं पत्र पाठवावं. कल्पना नवी नाही. जगात अशा जोड्या अनेक ठिकाणी आहेत. काही फार चांगल्या चालल्या, काही दोन-तीन वर्षांत बंद पडल्या.

ही बातमी बाहेर गेली तशा दोन प्रतिक्रिया आल्या. एक, "परदेशी पैसा म्हणजे धर्मांतर, दुसरं काय?" दुसरी आमच्याच लोकांची, "अरे भाऊ, पैसा येते तर येऊ द्या ना, तुमच्या खिशातून जाते काय?" माझं मत या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. मी कॅथलिक आहे आणि मला असं नातं हवं आहे. पण "दत्तक" या शब्दाखाली नको.

दत्तक लेकराला घेतात. लेकरू हिशेब विचारत नाही, नाही म्हणत नाही, दिलं ते घेते. सोयरीक मात्र दोन घरांत होते. सोयरे एकमेकांच्या घरी येतात, घर-शेती पाहतात, प्रश्न विचारतात, एखादा रुसतोही. एक घर श्रीमंत आणि एक गरीब असलं तरी मांडवात दोघांचा मान सारखा. श्रीमंत आणि गरीब देशांतल्या पॅरिशमध्ये नातं जोडायचं असेल तर असं जोडा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता जरा मागं जाऊ.

युरोपातल्या पॅरिशशी आपला संबंध आजचा नाही. १८४५ मध्ये संत फ्रान्सिस दि सेल्सच्या नावानं चालणाऱ्या संघाचे पहिले मिशनरी आल्प्सच्या डोंगरातल्या सावोय प्रांतातून भारताकडे निघाले. विशाखापट्टणमहून त्यांचं काम नागपूर-कामठीकडे पसरलं. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला आणि १९५५ मध्ये त्यातून अमरावती धर्मप्रांत वेगळा निघाला. सावोय त्या काळी काही श्रीमंत मुलूख नव्हता. डोंगराळ, कष्टकरी माणसांचा भाग होता. म्हणजे नात्याची सुरुवात एका डोंगरातल्या साध्या माणसांनी दुसऱ्या डोंगरातल्या माणसांकडे येण्यातून झाली.

पण दुसरा प्रवाहही लक्षात ठेवा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडातल्या कापसाला एकदम भाव आला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला कापूस बाजार उघडायला आला होता. पुढं हाच कापूस वाहायला आपली शकुंतला आली. अचलपूर-मुर्तिजापूर-यवतमाळ. रूळ टाकणारी कंपनी इंग्रजी भांडवलाची. स्वातंत्र्यानंतरही या मार्गाची मालकी कंपनीकडेच राहिली आणि आपली रेल्वे तिला त्यापोटी पैसे देत राहिली. तेव्हा "ते देणारे, आपण घेणारे" हे वाक्य म्हणताना जरा थांबा. या मातीतून तिकडं काय काय गेलं, त्याचं पत्रक कोणत्याच चर्चच्या दारावर लागलेलं नाही. मी हे भांडायला म्हणत नाही. मान ताठ ठेवून बोलता यावं म्हणून सांगतो.

परदेशी मदतीचा आपला अनुभव काय? महाराष्ट्रानं दोन्ही पाहिलं आहे.

१९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून घराघरांत आहेत. लाल मिलो आठवते का, विचारा त्यांना. अमेरिकेतून आलेली ज्वारी. लोकांनी खाल्ली, जगले, आणि आजही नाव काढलं की तोंड वाकडं करतात. उपाशी माणसाला धान्य मिळालं, ते चांगलंच झालं. पण कोणतं धान्य पाठवायचं हे खाणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याच दुष्काळात महाराष्ट्रातल्या माणसांनी काय मागितलं? काम. त्यातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानं तोच विचार उचलला. घेणाऱ्याला विचारलं तर तो काय सांगू शकतो, याचं यापेक्षा मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

दुसरं उदाहरण हातपंपाचं. साठ-सत्तरच्या दशकात खडकात बोअर मारायचं काम जोरात सुरू झालं, त्यात चर्चच्या मदत संस्थाही होत्या. पण बोअरवर बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप मुळात युरोप-अमेरिकेतल्या एका शेतघराच्या वापरासाठी घडवलेले. आपल्याकडे एका पंपावर अख्खं गाव. पंप धडाधड मोडायला लागले. उपाय निघाला जालना आणि सोलापूरच्या मिशनशी जोडलेल्या वर्कशॉपमधून. तिथल्या कारागिरांनी आणि बाहेरून येऊन इथं राहिलेल्या माणसांनी मिळून मजबूत पंप घडवला. त्याच धर्तीवर पुढं इंडिया मार्क टू आला आणि आज तो कितीतरी देशांत चालतो. पैसा बाहेरचा होता. पण इथं राहून, इथल्या मोडक्या पंपाकडे बघून विचार केला तेव्हा पाणी आलं.

तिसरं उदाहरण अहमदनगरचं, आताचं अहिल्यानगर. फादर हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू. त्यांच्या पुढाकारातून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. पैसा जर्मन सरकारचा, तो नाबार्डमार्फत यायचा. पण गावाला अटी होत्या. आधी श्रमदान करून दाखवा. चराईबंदी पाळा, कुऱ्हाडबंदी पाळा. गावाची पाणलोट समिती नेमा आणि तिनं काम सांभाळावं. ज्या गावाची तयारी नाही त्याला पैसा नाही. या कामात कोणाचा धर्म विचारायचं कारणच नव्हतं, कारण पाणी माथ्यावरून पायथ्याकडे येताना कोणाचं शेत बघत नाही.

आपल्याला ही अट परकी वाटायला नको. अमरावती-परतवाडा रस्त्यावर वलगाव लागते, तिथं गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबा गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, भाकर नंतर. काम केल्याशिवाय कोणाचं खायचं नाही, हा वऱ्हाडाचा धडा आहे. फक्त तो देणाऱ्यालाही लागू करा. ज्यानं नुसता पैसा पाठवला आणि स्वतः काहीच हलवलं नाही, त्यानंही खराटा हातात घेतलेला नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण भावनेच्या भरात लोक हे विसरतात.

परदेशी देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर तीन गोष्टी बदलल्या. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, एका नोंदणीकृत संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही दुरुस्ती कायम ठेवली.

याचा अर्थ आपल्या भागात काय होतो? पूर्वी शहरातली मोठी संस्था परदेशी निधी घ्यायची आणि नियमाप्रमाणे गावातल्या लहान संस्थेपर्यंत पोचवायची. ती साखळी तुटली. चिखलदऱ्याकडच्या लहान संस्थेला आता स्वतःच दिल्लीत खातं, ऑडिट, ऑनलाइन विवरणं हे सगळं सांभाळावं लागेल. पैसा कुठून आला, कुठं गेला हे सरकारनं बघावं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हिशेब तपासणं वेगळं आणि लहान संस्थेला वाटच न ठेवणं वेगळं. आणि ज्यांना वाटते की परदेशातून पोत्यानं पैसा येते आणि कोणी विचारत नाही, त्यांनी हे नियम एकदा वाचावे.

मग सोयरीक करायची कशी? माझ्या मते चार गोष्टी आधी ठरवा.

एक. हिशेब दोन्हीकडे वाचला जावा. तिकडच्या पॅरिशमध्ये आणि इकडच्या मिस्सानंतर, मराठीत आणि कोरकूत. संत पौलानं यरुशलेमच्या गरजूंसाठी मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली तेव्हा रकमेबद्दल कोणाला शंका घेता येऊ नये म्हणून विश्वासू माणसं सोबत घेतली होती. चर्चची सगळ्यात जुनी आंतरदेशीय वर्गणी अशी हिशेबाची होती. आणि त्या वर्गणीत मॅसेडोनियाच्या गरीब मंडळ्याही सामील होत्या.

दोन. कुपोषित लेकराचा फोटो जाणार नाही. मेळघाटाचं नाव १९९३ मध्ये बालमृत्यूंनी देशभर गेलं. तेव्हापासून कॅमेरे येतात आणि जातात. त्या फोटोतलं पोरगं वाचलं असेल तर आज तीस-पस्तीसचं असेल. त्याला विचारून फोटो काढला होता का?

तीन. येणं-जाणं दोन्हीकडून. जर्मनीत चर्च कर मिळकत कराच्या ८ ते ९ टक्के असतो, पैसा भरपूर. पण एकट्या २०२२ मध्ये तिथं ५ लाखांहून जास्त कॅथलिकांनी चर्च सोडलं. धर्मगुरू कमी, पॅरिश एकमेकांत विलीन होतात. तिथं आज मिस्सा कोण करते? कितीतरी ठिकाणी भारतातून गेलेले फादर. इस्पितळांत आपल्याकडच्या सिस्टर. म्हणजे आपण घेणारेच आहोत हे खरं नाही. त्यांचं घर रिकामं होत आहे, हेही सोयऱ्यानं सोयऱ्याला मोकळेपणी सांगावं.

चार, आणि हे सगळ्यात अवघड. त्यांनी त्यांच्या सरकारशी बोलावं. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देते त्यावर ब्राझीलनं २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, निकाल ब्राझीलच्या बाजूनं लागले, २०१४ मध्ये तडजोड झाली. ब्राझील मोठा देश, तो लढू शकला. दर्यापूर-अकोटचा शेतकरी कुठं लढणार? टेक्सासच्या एखाद्या पॅरिशनं आपल्याकडच्या मुलांना वह्या पाठवल्या आणि कापसाच्या अनुदानाबद्दल कधी प्रश्नच विचारला नाही, तर ती मदत आहे, एकजूट नाही. उलट तिथल्या शेतकऱ्याचीही काही अडचण असेल, ती आपण ऐकली पाहिजे. दोन कापूसवाले समोरासमोर बसले पाहिजेत.

शेवटचा मुद्दा आमच्याच घरातला आहे, त्यामुळं जरा टोचेल. श्रीमंत पॅरिश शोधायला राइन नदीपर्यंत कशाला जायचं? वांद्र्याला आहे, पुण्याला आहे, गोव्यात आहे. वसईत तर मराठी बोलणारी, मराठीत प्रार्थना करणारी मोठी कॅथलिक वस्ती आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारखा संमेलनाध्यक्ष मराठीला देणारी. तिथल्या पैशाला एफसीआरए लागत नाही. भाषा एक, देश एक, गाडीनं एका रात्रीचा प्रवास. तरी वसईच्या किती घरांना कोरकू म्हणजे कोण हे माहीत आहे? आणि आपल्याकडच्या किती जणांना वसईतल्या पाण्याचा आणि जमिनीचा झगडा माहीत आहे? आधी ही सोयरीक जुळवा.

आणि आपलं स्वतःचं काय? मिझोराममध्ये १९१० च्या सुमारास एक पद्धत सुरू झाली. घरची बाई स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ चर्चसाठी बाजूला काढते. त्या मुठीवर तिथलं चर्च इतकं उभं राहिलं की ते आज स्वतः बाहेर माणसं पाठवते. ते प्रेस्बिटेरियन, आम्ही कॅथलिक, पण मूठ तर सगळ्यांची सारखीच. येत्या उपवासकाळात परतवाड्याच्या, अचलपूरच्या आमच्या घरांनी रोज एक मूठ ज्वारी किंवा तांदूळ काढावा. चाळीस दिवसांनी जे जमेल ते कामासाठी बाहेर गेलेल्या कोरकू कुटुंबांच्या मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना पोचवावं, धर्म न विचारता. त्याची यादी चर्चच्या फलकावर लावावी. त्यानंतर परदेशातल्या पॅरिशला पत्र लिहावं: आम्ही एवढं केलं, तुम्ही काय कराल?

हे फक्त ख्रिस्ती लोकांसाठी आहे असं समजू नका. तुमच्या गावचं पोरगं अमेरिकेतून मंदिराला, शाळेला पैसे पाठवत असेल तर हेच प्रश्न तिथंही विचारा. हिशेब कोण वाचते? काय लागते हे कोणी ठरवलं? गावानं स्वतः किती घातलं?

वसई, पुणे, गोवा किंवा परदेशातल्या एखाद्या पॅरिशच्या समितीवर कोणी वाचक असतील तर खाली लिहा. पैशाचं नंतर बोलू. आधी या, दोन दिवस राहा, गुरुवारचा असो की रविवारचा, इथला एखादा बाजार पाहा. मग आम्ही तुमच्याकडे येऊ.